झोपवलेलं यंत्र

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, खुर्च्यांमधली वाट भरली होती, आणि खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं चढून बसली होती. पुढे मंचावर एक टेबल, टेबलावर उघडा लॅपटॉप आणि त्याच्यामागे कडेवाले बाबा. अंगात पांढरा स्वच्छ सदरा, मनगटात तांब्याचं जाड कडं.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"लॅपटॉप!" सभागृह ओरडलं.

"चालू की बंद?"

"चालू!"

"याला श्रद्धा आहे? भक्ती आहे? मी काय याचा मामा लागतो, म्हणून हा माझं ऐकेल?"

लोक हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, कड्याचा हात अलगद कळफलकाच्या खालच्या कोपऱ्याशी नेला आणि पुटपुटले, "शांत हो." पडदा काळा झाला. हात उचलला. "ऊठ." पडदा उजळला.

टाळ्या थांबेनात. बाबांनी त्या पुरेशा वाजू दिल्या आणि मग आवाज चढवला. "निर्जीव यंत्र शांत होतं, मंडळी! मग तुमच्या नसा, तुमचं रक्त, तुमचं काळीज तर जिवंत आहे. लहरीला लहर भिडते! नियम एकच. कडं असो की पदक, लोखंडाजवळ न्यायचं नाही. शक्ती उतरते." मग त्यांनी शेवटच्या रांगेकडे बोट दाखवलं. "तिथे यंत्रांचे एक जाणकार बसलेत. वीस वर्षांचं दुकान आहे त्यांचं, आणि हा लॅपटॉप त्यांच्या सख्ख्या बहिणीचा. सांगा हो, तीनदा खोललात. सापडला दोष?"

सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेतला माणूस नाइलाजाने उभा राहिला. खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं, पण जिभेवर येईना.

"नाही," तो म्हणाला.

बाबांची शंभर भाषणं जे करू शकली नसती, ते त्या एका शब्दाने केलं.

या माणसाला घरात सगळे धाकटा म्हणत, कारण तो ताईचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली तरी धाकटाच. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, आणि वीस वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता: निम्मे बिघाड यंत्रात नसतात, माणसात असतात. कुणी 'मेलेला' संगणक रिक्षातून आणायचा आणि त्याची वायर घरी भिंतीत खोचलेलीच नसायची. कुणाचा पासवर्ड 'रातोरात बदललेला' असायचा, म्हणजे मोठ्या अक्षरांचं बटण दाबलेलं राहिलेलं असायचं. कुणाचा प्रिंटर 'जळलेला' असायचा, म्हणजे त्यात कागद नसायचा. असल्या गिऱ्हाइकांनी पिडून पिडून धाकट्याला एक सवय लावली होती. यंत्र हातात घ्यायचं आणि म्हणायचं, "जरा बाजूला व्हा, मला बघू द्या." माणूस बाजूला झाला की काम निम्मं झालं, असं तो अभिमानाने सांगायचा.

ताई वाचनालयात पुस्तकांची सूची करायची. दिवसभर टंकून टंकून डावं मनगट ठणकायला लागलं, तेव्हा एका मैत्रिणीने तिला बाबांचं कडं आणून दिलं. महिन्याभरात ठणका उतरला. त्याच महिन्यात वाचनालयाने तिला बेताच्या उंचीची नवी खुर्चीही दिली होती, पण खुर्चीचे आभार कोण मानतो? त्याच सुमारास तिचा लॅपटॉप अधूनमधून आपोआप झोपी जायला लागला. ती तो घेऊन धाकट्याकडे आली. "बाजूला हो, ताई," तो म्हणाला, आणि अर्धा दिवस त्याने तो चालवून पाहिला. काही होईना. दुसऱ्यांदा बॅटरी बदलली. तिसऱ्यांदा सगळं पुसून नव्याने भरलं. दुकानात लॅपटॉप शहाण्या मुलासारखा वागायचा. ताईच्या हाती गेला की पुन्हा झोपायचा.

ताईने हे भोळेपणाने बाबांना सांगितलं. बाबा चतुर होते. त्यांनी तिच्याकडून लॅपटॉप दोन दिवस मागून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी तो मंचावर आला.

बाबा फसवतोय याबद्दल धाकट्याला तिळमात्र शंका नव्हती. पण तो चोर शोधत बसला, चोरीची रीत नाही. गर्दीत मोबाइल दाबणारा एखादा साथीदार असणार, म्हणून दोन सभा त्याने लोकांचे हात न्याहाळण्यात घालवल्या. कड्याकडे त्याने पाहिलंच नाही. तांब्याचा यंत्रावर काय परिणाम होणार? हे तर शाळेतलं पोरही सांगेल.

एवढ्यावरच भागलं असतं तर ही हसण्याची गोष्ट झाली असती.

ताईचे यजमान, म्हणजे धाकट्याचे भाऊजी, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. आदल्या वर्षी त्यांच्या छातीत कातडीखाली काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलं होतं. काळीज भलतंसलतं धावायला लागलं की ते आतून विजेचा झटका द्यायचं आणि त्याला ताळ्यावर आणायचं. एकदा त्या झटक्याने त्यांचा जीव वाचवला होता. पण ताईने तो झटका डोळ्यांनी पाहिला होता. नवरा अंगणात उडून पडलेला तिने पाहिला होता, आणि पुन्हा तसं होईल या धास्तीने तिची झोप उडाली होती. बाबांनी ती धास्ती बरोब्बर हेरली. "झटका बसूच नये अशी सोय करू. त्या यंत्रालाच शांत ठेवू," ते म्हणाले, आणि तांब्याचं एक पदक तिच्या ओंजळीत ठेवलं. छातीवर, यंत्राच्या अगदी वर येईल असं घालायचं.

त्याच दिवशी तिने धाकट्याला फोन केला. तो एका कचेरीत टेबलाखाली शिरून वायरींचा गुंता सोडवत होता.

"अरे, पदक घातलं आणि यांच्या छातीतून बारीक टीं टीं आवाज आला. बाबा म्हणतात, यंत्रानं होकार दिला."

"ताई, तुझे बाबा गेले खड्ड्यात. मी कामात आहे."

दोन दिवसांनी त्याने फोन केला तो भांडायला. बाबा कसा लबाड आहे यावर तो पाऊण तास बोलला. तो आवाज कसला होता, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. भाऊजींना मात्र त्याने एकट्यात गाठलं. "तुम्ही तरी कसं घालता हे?"

भाऊजी हसले. "तिला रात्री झोप लागते रे आता. एक पदक घातलं तर माझ्या छातीचं काय जातंय?"

पदक घातल्यापासून सतराव्या दिवशी सकाळी शेजारच्या मुलीच्या पेन्सिलींना टोक करून देता देता भाऊजी खुर्चीतच कलंडले. ताईने रुग्णवाहिका बोलावली आणि त्यांचा हात धरून बसली. ज्या झटक्याला ती वर्षभर भ्यायली होती, त्याचीच आता ती वाट बघत होती. आता बसेल, आता बसेल. रुग्णवाहिका आली तेव्हा हात गार पडत चालला होता.

डॉक्टरांनी नंतर यंत्र तपासलं. "बिघाड नाही. बॅटरी उत्तम आहे. तरी त्यानं झटका दिला नाही," ते म्हणाले. "छातीजवळ चुंबक होतं का? चुंबक टेकलं की हे यंत्र झटका द्यायचं थांबतं. त्याबद्दलचं कार्ड दिलं होतं तुम्हाला."

"चुंबक कुठलं, डॉक्टर? वाचलं होतं मी कार्ड. मोबाइलसुद्धा लांब ठेवत होते. गळ्यात तांब्याचं पदक तेवढं होतं."

"तांब्यानं काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. धाकटा तिथेच उभा होता. त्यानेही मान डोलावली.

महिन्याने ताई कामावर रुजू झाली आणि लॅपटॉप पुन्हा झोपू लागला. ती दुकानात आली, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसली. धाकटा सवयीने म्हणाला, "बाजूला हो, ताई."

"नाही रे होववत आता. बसू दे मला इथंच. तुला बघायचं ते असंच बघ."

त्याला तिचा चेहरा बघवेना. "बरं, तूच चालव," तो म्हणाला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या शेजारी नुसता बसून राहिला. ताई टंकू लागली. एक ओळ झाली. दुसऱ्या ओळीला तिने थकून डावं मनगट कळफलकाखालच्या कोपऱ्यावर टेकवलं, आणि पडदा काळा झाला.

धाकटा हलला नाही. मग त्याने हळूच स्क्रूड्रायव्हर उचलून तिच्या मनगटाशी नेला. खट् आवाज झाला आणि तो कड्याला चिकटला.

लॅपटॉपच्या झाकणात एक छोटं चुंबक असतं. झाकण मिटलं की खालच्या कोपऱ्यात दडवलेला एक भाग ते ओळखतो आणि यंत्राला झोपवतो. धाकट्याने असे हजार लॅपटॉप उघडले होते. त्याने करवतीने कडं कापलं. तांब्याच्या पत्र्याखाली करड्या रंगाचं चुंबक निघालं. म्हणून लोखंडाजवळ न्यायचं नाही! शक्ती उतरते म्हणे. शक्ती कसली उतरतेय? बिंग फुटतं.

"हात्तिच्या! एवढंच?" ताई म्हणाली. ती किंचित हसलीही. मग तिने धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. तिने पर्समधून रुग्णालयाने भाऊजींच्या वस्तू घालून दिलेलं पाकीट काढलं, त्यातलं पदक काढलं आणि स्वतःच स्क्रूड्रायव्हरला लावलं. ते चिकटलं. कड्यापेक्षा घट्ट.

ताईने पदक ओढून सोडवलं.

"म्हणजे ते टीं टीं..."

"चुंबक जवळ आल्याचा इशारा असणार, ताई. यंत्र सांगत होतं."

"मी झोपवलं ते. माझ्या हातानं."

"तू तीन वेळा हे कडं घालून माझ्यासमोर उभी होतीस," धाकटा म्हणाला. "मी तुला तीन वेळा बाजूला सारलं. फोनवर तू आवाजाचं सांगितलंस, मी भांडत बसलो. जे झालं ते आपण दोघांनी वाटून घेऊ. पण यात तिसरा वाटेकरी आहे, आणि त्याच्या सभेला रविवारी परत माणसं जमणार आहेत."

रविवारी ताई मंचावर चढली तेव्हा कुणी अडवलं नाही. बाबांच्या मानाच्या भक्तिणीला कोण अडवणार? तिने आपला लॅपटॉप उघडला आणि पिशवीतून स्वयंपाकघरातल्या कपाटाचं चुंबक काढलं.

"दार घट्ट बसावं म्हणून लावतात ते हे," ती म्हणाली. "याला कुठल्याच बाबानं मंत्र दिलेला नाही." तिने ते कोपऱ्यावर ठेवलं. पडदा काळा झाला. उचललं. उजळला. मग तिने कापलेलं कडं आणि पदक वर धरून दाखवलं, आणि आत काय आहे, ते काय करतं, एका माणसाचं त्याने काय केलं, हे सांगितलं. ती रडली नाही. शिकवणीच्या बाई गणित सोडवून दाखवतात तशी एकेक पायरी सांगत गेली.

बाबा उठले. "ताईंचं दुःख मोठं आहे, मंडळी. दुःखात श्रद्धा डळमळते..."

"माझी श्रद्धा कमी नव्हती, बाबा," ताई म्हणाली. "कमी पडला तो एक प्रश्न. पदक गळ्यात घालण्याआधी डॉक्टरांना एक फोन करून विचारायचं होतं, हे घातलं तर चालेल का? एवढंच. मी लाजले. डॉक्टर हसतील असं वाटलं. माझा भाऊ हसायचा. म्हणून मी कुणालाच विचारलं नाही, आणि माझा नवरा गेला. तुम्ही विचारा. कुणी हसलं तर हसू द्या. आणि तुम्ही जे हसता, तुम्हीही हसण्याआधी जरा शेजारी बसून बघा."

सगळं सभागृह शहाणं झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. काहीजण त्याही दिवशी बाबांच्या पाया पडले. काहीजण ताईलाच बोलले. पण खुर्च्यांच्या लोखंडी पायांवर खट् खट् आवाज सुरू झाले. माणसं वाकून आपापली कडी लावून बघत होती. बाबा कधी सटकले ते कळलंही नाही.

त्या गडबडीत एक बाई गर्दी सारत मंचापर्यंत आली. तिने नंबर लावलेला मोबाइल ताईपुढे धरला. "माझ्या वडिलांच्या छातीत तसलंच यंत्र आहे हो. कालच घातलंय पदक. ते माझं ऐकणार नाहीत. तुम्ही बोला."

ताईने मोबाइल कानाला लावला. "आजोबा, तुम्ही मला ओळखत नाही. गळ्यातलं काढा. हो, तांब्याचंच. त्याच्या आत चुंबक आहे, का काढायचं ते सगळं सांगते, पण आधी काढा. दुसऱ्या खोलीत ठेवून या. मी थांबते."

ती मोबाइल धरून उभी राहिली. पलीकडे कुठलासा म्हातारा पाय ओढत दुसऱ्या खोलीत जात होता, परत येत होता.

"ठेवलंत? बरं झालं," ताई म्हणाली. "आता विचारा, काय विचारायचं ते."