नरहरची रविवारची थाप

सन दोन हजार अठराचा जुलै महिना. आर्णीत पेरण्या आटोपल्या होत्या आणि ज्याच्या त्याच्या मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळ्या फिरत होत्या. प्रत्यक्षात टोळी कोणीच पाहिली नव्हती, पण शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी आयाबायांची गर्दी होऊ लागली होती.

नरहर माझा धाकटा भाऊ, निवृत्त शिक्षक. यजमान गेल्यावर मी त्याच्याकडेच राहायला आले. घरात त्याचा मुलगा, सून आणि नात मिताली. रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर गल्लीतली दहा-बारा पोरं जमत. हा वर्ग पुस्तकांचा नव्हता. थाप पकडायचा होता.

ही रीत आमच्या वडिलांची. ते तहसिलीत कारकून होते. रविवारी जेवताना ते आम्हाला चार गोष्टी सांगत. तीन खऱ्या, एक थाप. पकडेल त्याला गुळाचा खडा. अट एकच, की ‘मला वाटतं’ म्हणायचं नाही, ‘कशावरून’ ते सांगायचं. वडील थाप मारताना भाताचा घास इतक्या शांतपणे कालवत, की आईसुद्धा फसायची. त्यांच्या पंगतीतला तो गूळ मला अजून जिभेवर जाणवतो.

नरहरनं तेच चालवलं, फक्त पोरांना आठवडाभराची मुदत दिली. जा, विचारा, पाहा आणि पुढच्या रविवारी सांगा. गाईला वरचे पुढचे दात नसतात असं त्यानं सांगितलं तेव्हा पोरांनी हमखास थाप म्हणून गोठे पालथे घातले आणि गाईच्या तोंडात डोकावून हिरमुसली होऊन परत आली. या सगळ्यात पुढे असे ती अतिया, वाहिद मेकॅनिकची मुलगी. मितालीची जिवाची मैत्रीण.

“थापेत एक खरा खडा घालावा लागतो, अक्का,” नरहर मला म्हणायचा. “नाहीतर पोरं लगेच ओळखतात.”

त्या रविवारी मोबाईल दुरुस्तीवाला इंद्रजित ओसरीच्या पायरीवर उभा राहून शूटिंग करत होता. “गुरुजी, तुमचा क्लास साऱ्या जिल्ह्याले दाखवतो पाहा,” म्हणाला. नरहर खुलला. अफवांचं पीक आलंच आहे तर पोरांना अफवाच तपासायला द्यावी, असं त्याच्या मनात आलं. गंभीर चेहऱ्यानं तो म्हणाला, “बोरी अरबच्या बाजारातून परवा एक पोरगं गेलं. हिरव्या लुगड्यातली बाई होती, डोक्यावर टोपल्या. त्यातल्याच एकीत घालून नेलं.” मग बाकीच्या तीन गोष्टी सांगितल्या आणि शेवटी नेहमीसारखं विचारलं, “आता शोधा, यातलं खोटं कोणतं?”

इंद्रजितनं फक्त पहिला तुकडा ठेवला आणि सगळीकडे पाठवला. बाकीचं लांब होतं म्हणे.

आठवडी बाजाराच्या दिवशी मी सांभाराची जुडी आणि मिरच्या घ्यायला निघाले. वाहिदच्या गॅरेजपाशी गर्दी दिसली. मला वाटलं गाडी धडकली असेल. जवळ गेले तर गॅरेजचं शटर खाली ओढलेलं आणि त्याला पाठ लावून वाहिद उभा. हातात पाना होता.

“काय झालं रे?”

“अक्का, तुमी घरी जा. माहौल खराब आहे.” मग आवाज खाली करून म्हणाला, “अंदर तानाबाई आहे.”

तानाबाई कोलाम आदिवासींच्या पोडावरून, वस्तीवरून, यायची. सूप, टोपल्या, दुरड्या विकायची. माझ्या स्वयंपाकघरातलं सूप तिच्याच हातचं. दारात बसून पाणी प्यायची, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची. त्या दिवशी सकाळी ती दारावरून गेली तेव्हा तिच्याबरोबर तिच्या लेकीचं तीन-चार वर्षांचं पोर होतं.

आणि तिच्या अंगावर, नेहमीसारखंच, हिरवं लुगडं होतं.

मी गर्दीत शिरले.

“टोपलीत घालून नेते म्हने थे!”

“पोरगं पाह्यलं ना? मराठी बोलतच नाई. चोरीचंच हाय!”

“ते कोलामी बोलतं, बाबांनो,” मी ओरडले. “ती आपली तानाबाई आहे.” कोणी ऐकलं नाही. तोंडं सगळी ओळखीची होती, हे मला सर्वांत भयंकर वाटलं. ज्याच्या बारशाला मी घुगऱ्या वाटल्या होत्या, त्याच्या हातात दगड होता.

“वाहिदभाई, शटर वर कर, नाई तं तुह्यावर येईन. तुहा हिस्सा हाय का याच्यात?”

“मी नाई खोलत,” वाहिद म्हणाला. “पोलिसाले फोन केला. येऊ दे त्यायले.”

शटरवर पहिला दगड बसला. आतून लेकराची किंकाळी आली.

तेवढ्यात मितालीनं बोलावून आणलेला नरहर धापा टाकत पोचला. मला वाटलं, आता सुटलो. साऱ्या गावाला शिकवलेला माणूस. त्यानं हात वर केले. “थांबा! ती थाप होती! मीच मारलेली थाप, रविवारची!”

मग पुढचा एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, “गुरुजी, कोणाले भेऊन राह्यले तुमी? आमी आहो ना.”

“अरे, भीती कसली? मी खोटं बोललो होतो.”

“तुमी अन् खोटं? सारी आर्णी जाणते, तुमी खोटं बोलत नाई.” त्यानं मोबाईल नरहरच्या डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर नरहरच होता. आमची ओसरी, त्याचा चष्मा, त्याचा तो गंभीर चेहरा. “हिरव्या लुगड्यातली बाई होती...”

नरहर स्वतःकडे पाहतच राहिला. जन्मभर खरं बोलून जमवलेली पत त्या बाईच्या जिवावर उठली होती आणि ती पत खोटी ठरवायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं.

तेव्हा अतिया टायरांच्या ढिगावर चढली. शाळेचाच ड्रेस होता.

“बोलतात! गुरुजी खोटं बोलतात!” तिचा आवाज चिरकला. “दर रविवारी बोलतात. म्हणे कपाशीचं फूल आधी गुलाबी अन् मंग पांढरं होते. आमी फुलाले दोरा बांधून पाह्यलं. उलटं निघालं. खोटं! म्हणे अमावस्येले अरुणावतीचं पाणी मागं जाते. आमी कागदाच्या नावा सोडल्या. खोटं!”

गर्दीतच कुठंतरी वर्गातलं एक पोरगं होतं, बापाच्या खांद्यावर बसलेलं. ते ओरडलं, “म्हणे मुंग्या रविवारी सुट्टी घेतात!”

“खोटं!” दुसरीकडून दोन पोरं.

“म्हणे कोंबडीचे दुधाचे दात पडतात!”

“खोटं!”

कोणीतरी हसलं. त्या हसण्यानंच गर्दीची मूठ सैल झाली. नरहर मान खाली घालून आपल्या थापांची यादी ऐकत उभा होता.

“मंग हे बोरी अरबचं?” गर्दीच्या कडेला उभ्या इंद्रजितनं विचारलं.

“ते आमी सोमवारीच पकडलं,” मिताली म्हणाली. ती रडत होती, तरी बोलत होती. “माझी मंजुषा मावशी तिथंच राहते. बाजारात बांगड्यांचं दुकान आहे तिचं. थांबा.” तिनं आजोबांच्याच मोबाईलवरून फोन लावला आणि आवाज मोठा करून वर धरला.

“अवं मितू, सोमवारी सांगतलं ना तुले? कोणाचंच पोरगं गेलं नाई. आमच्या बाजारात काहीच झालं नाई. अन् तिकडं एवढा गलका कायचा होऊन राह्यला?”

मितालीनं फोन तसाच वर धरून ठेवला.

“ज्याचं पोरगं गेलं त्याचं नाव सांगा,” अतिया टायरांवरूनच म्हणाली. “कोणालेही मालूम असन तं सांगा.”

ज्याच्या बारशाला मी घुगऱ्या वाटल्या होत्या त्या मुलानं दगड खाली ठेवला, हळूच, उसना आणलेला परत ठेवावा तसा.

मग वाहिदनं शटर अर्धं वर केलं. एका मोटरसायकलच्या मागे तानाबाई उकिडवी बसली होती. पोरानं तिच्या पदरात तोंड खुपसलं होतं आणि दोन्ही मुठींत ते हिरवं लुगडं गच्च धरलं होतं. कोणाचं पोर आहे, हे आता कोणी विचारलं नाही.

माफी कोणी मागितली नाही. एक जण पुढं वाकला आणि, देवाशपथ सांगते, म्हणाला, “सूप कितीले देतं वं?”

तानाबाईनं पोराला उचललं आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत ती शटरच्या आतच थांबली.

घरी आल्यावर नरहर ओसरीवर पोरं बसतात त्या जागी बसला. “ती दाराशी पाणी प्यायला बसायची ना, थाप रचताना तीच डोळ्यांपुढे होती, अक्का,” एवढंच म्हणाला. “खरा खडा लागतो म्हणून.”

नरहरनं त्यानंतर कधी थाप मारली नाही. वर्ग मात्र पोरांनी बंद पडू दिला नाही. ती थापा रचत आणि तपासून यायचं काम त्याच्याकडे देत. गाव त्याला पाठीमागं ‘थापाडे गुरुजी’ म्हणू लागलं, ते त्यानं मुकाट्यानं सोसलं. दोन हजार एकवीसच्या साथीत तो गेला.

इंद्रजितनं तो तुकडा त्याच दिवशी पुसला. नरहर गेल्यावर वर्षभरानं तो तुकडा आमच्या सुनेच्या मोबाईलवर परत आला, दुसऱ्याच जिल्ह्यातून. गावाचं नाव बदललेलं होतं. चेहरा माझ्या भावाचा होता. इंद्रजित आता दुकान विकून यवतमाळला असतो.

वाहिदचं गॅरेज तिथंच आहे. शटरवरचा पोचा त्यानं ठोकून सरळ केला नाही. अतिया अमरावतीला कायद्याचं शिकते, मिताली बाभुळगावच्या शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागली आहे, तिनं रविवारी पोरं जमवायला सुरुवात केली आहे. थाप निवडताना ती मला फोन करून विचारते, “यात कोणी खरं माणूस नाही ना आलं, अक्काआजी?”

तानाबाई आर्णीला परत आली नाही. पांढरकवड्याच्या बाजारात बसते असं कोणी म्हणालं. कशावरून, असं विचारलं, तर त्याला सांगता आलं नाही.