उत्तम चालू स्थितीत

काकूंनी ॲपवर पहिली जाहिरात टाकली ती इस्त्रीची. फोटो काढला, खाली लिहिलं, 'उत्तम चालू स्थितीत', आणि आता ही सगळ्या जगाला दिसणार या विचाराने इस्त्री लख्ख पुसली. पुसली ती फोटो काढून झाल्यावर, पण ते जाऊ द्या.

घर रिकामं करण्याचं कारण साधंच होतं, काकांचे गुडघे. या माणसाने सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला आणि स्वतः राहिला तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या इमारतीत. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टवालं घर मिळालं होतं. खोल्या मात्र दोनच. इथलं निम्मं सामान तिथे मावायचं नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

पण काकूंचा जीव अडकला होता तो सामानात नव्हे, लेकीत. लेक चांगली पक्की नोकरी सोडून रोपवाटिका काढायला निघाली, तेव्हा घरात जी काही जुंपली होती, ती शेजाऱ्यांना अजून आठवते. काकांना कामावर सगळे 'पक्कड' म्हणायचे, एकदा धरलं की सोडायचं नाही म्हणून. त्या दिवशीही त्यांनी धरलं ते धरलंच. "या घरातली काडीसुद्धा तुला मिळायची नाही," म्हणाले. लेक बापाच्या वळणावर गेलेली. नकोच आहे मला, म्हणाली, पायात चप्पल सरकवली आणि जिना उतरून गेली. नंतर तिने नंबर बदलला, पत्ताही बदलला. तिला माहीत असलेलं घर हेच आणि तिच्याकडे असलेला नंबर कोपऱ्यातल्या त्या जुन्या फोनचा. तो फोन नव्या घरी येणार नव्हता. उद्या पोरीला वाटलंच यावंसं, तर ती जिना चढून येणार आणि दार उघडणार कोणीतरी परकं माणूस. काकूंनी हे एकदा बोलून दाखवलं. काका म्हणाले, यायचं असतं तर आली नसती का इतक्या वर्षांत. त्यांच्यापुरता विषय संपला.

इस्त्री चार दिवसांत परत आली. नेणारं जोडपं नवंनवं होतं, बिचारं संकोचून म्हणालं की तापतच नाही. काकूंनी वायरला मुठीभोवती एक वेढा दिला, बटण लावलं, इस्त्री तापली. यात काय मोठंसं, असा त्यांचा चेहरा. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पैसे परत घेतले आणि धूम ठोकली.

मग भिंतीवरचं घड्याळ परत आलं. नेलं होतं एका शिक्षिकेने. बाई म्हणाल्या, दर थोड्या वेळाने बंद पडतं. काकूंनी विचारलं, सरळ लावलंत की काय? बाईंना वाटलं, आपली टिंगल चाललीये. पण ते घड्याळ डावीकडे कलतं लावलं तरच चालायचं, आणि त्याच्याकडे बघताना मानही तेवढीच कलती करायची हे घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. पाठोपाठ छोटं कपाट आलं. त्याच्या दाराला गुडघ्याने खालून टेकू द्यावा लागतो, हे नेणाऱ्याला कोण सांगणार?

तेव्हा कुठे काकूंच्या डोक्यात उजेड पडला. आपल्या घरातली एकही वस्तू सरळ चालत नाही. काकांनी कधी कुठला कारागीर दारात उभा केला नाही की नवा सुटा भाग विकत आणला नाही. जे बिघडलं ते स्वतः उघडलं आणि चालू करून दाखवलं. चालू व्हायचंही, पण प्रत्येक वस्तू दुरुस्तीनंतर एक खोड घेऊन बाहेर यायची. त्या खोडींसकट इतकी वर्षं काढल्यावर काकूंना त्या खोडी वाटतच नव्हत्या. इस्त्री म्हणजे वायरला वेढा देणं आलंच, असं त्या धरूनच चालल्या होत्या. त्यांनी हे काकांना सांगितलं तर काकांना राग आला. वस्तू धडधाकट आहेत, म्हणाले, माणसांनाच वापरायचं वळण नाही.

एका गिऱ्हाइकाची मात्र तक्रार नव्हती. ॲपवर त्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे होते आणि चेहऱ्याच्या जागी एक करडा गोल. मिक्सर त्याने घेतला, रेडिओ घेतला, मोडकं लाकडी स्टूल घेतलं. परत आलेली इस्त्रीसुद्धा घेतली. निरोप दोन शब्दांचे असायचे, हवं आहे, टेम्पो येईल. घासाघीस नाही, प्रश्न नाहीत. काका म्हणाले, भंगारवाला असणार, दुसरं कोण. पण भंगारवाला घासाघीस करत नाही हे काकूंच्या पचनी पडेना. आता त्यांना झोपेतही तो करडा गोल दिसायला लागला. कोण असेल? हे सगळं नेऊन करतं काय? टेम्पोवाल्याला त्यांनी आडून आडून विचारलं. तो म्हणाला, मला फक्त जपून आणायला सांगितलंय. काकू त्याच्यामागे जिना उतरून टेम्पोत डोकावून आल्या. आत माती सांडलेली होती. बांधकामावरचा कोणी असेल, असं मनाशी म्हणत त्या धापा टाकत वर आल्या.

मग त्यांच्या मनाला टोचणी लागली. मिक्सर भांडं किंचित मागे फिरवून धरल्याशिवाय घुर्र सुद्धा करत नाही. बिचारं गिऱ्हाईक भिडेखातर गप्प बसलं असेल तर? दुपारी काका लवंडल्यावर त्यांनी एक एक अक्षर शोधत निरोप लिहिला. मिक्सर चालतो ना, एक गोष्ट सांगायची राहून गेली.

उत्तर लगेच आलं. चालतो. भांडं जरासं मागे फिरवून धरलं की छान चालतो.

काकू ते वाचत राहिल्या. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. जाहिरातीत नव्हतं, टेम्पोवाल्याला नव्हतं. ही गोष्ट जगात तीन माणसांना ठाऊक, आणि त्यातला एक शेजारच्या खोलीत घोरत होता. टेम्पोतली माती आत्ता कुठे त्यांच्या डोळ्यांपुढे आली. बांधकाम कसलं, कप्पाळ!

नाव विचारावं असं शंभरदा वाटलं. पण आजवर तिने स्वतःहून सांगितलं नव्हतं, म्हणजे त्यामागे काही असणार. विचारलं आणि करडा गोल पुसलाच गेला तर? काकूंनी दुसरा मार्ग धरला. जे दिसेल ते विकायला काढलं. चाळणी काढली, पाणी तापवायचं भांडं काढलं, नव्या घरी न्यायची म्हणून बांधून ठेवलेली उशीसुद्धा सोडून काढली. प्रत्येक वेळी उत्तर तेच यायचं, हवं आहे. आणि प्रत्येक वेळी काकूंचा जीव भांड्यात पडायचा. निघायचा दिवस मात्र जवळ येत होता आणि घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं. उरला होता काकांचा टेबलपंखा.

तो विकायचा नाही असं काकांनी आधीच बजावलं होतं. हा पंखा बटणाने कधीच सुरू झाला नाही. बटण लावायचं आणि जाळीतून पेन्सिल घालून पात्याला मागून ढकलायचं. त्यासाठी एक लाल पेन्सिल पंख्याच्या मानेला दोऱ्याने कायमची बांधलेली असे. फोटोत बरं दिसत नाही म्हणून काकूंनी ती सोडून ठेवली, फोटो टाकला, आणि मागे वळल्या तर काका उभे.

"सगळं घर फुंकायला निघालीस की काय?" काका म्हणाले आणि त्यांनी फोन हातातून घेतला. नेमका तेव्हाच निरोप आला. चष्मा वर सरकवून त्यांनी मोठ्याने वाचला.

"हवा आहे. पंख्याबरोबर पेन्सिल येईल का?"

काकांनी तो फोटो मोठा करून पाहिला. पेन्सिल त्यात नव्हती. मग मागचे सगळे निरोप वाचले, मिक्सरचा, स्टुलाचा, चाळणीचा, खालपासून वरपर्यंत. पेन्सिलीला दोरा बांधला होता तो लेकीनेच, शाळेत असताना, बाबा रोज पेन्सिल शोधत ओरडतात म्हणून. काका खुर्चीवर बसले. इतकी वर्षं गिळलेलं काकूंच्या तोंडून बाहेर पडलं.

"काडी मिळायची नाही म्हणालात ना तुम्ही? म्हणून विकत घेतेय पोर."

 काका फोन मांडीवर ठेवून एका बोटाने लिहायला लागले. काकूंनी खांद्यावरून वाकून पाहिलं. लिहिलं होतं, 'पंखा विकायचा नाही.' पक्कड ती पक्कडच. त्या फोन हिसकावणार होत्या, तेवढ्यात बोट पुन्हा हललं. 'येऊन घेऊन जा.' मग खाली नव्या घराचा पत्ता. हा पत्ता काकांच्या तोंडी बसत नव्हता, बँकेतसुद्धा काकूंना विचारून सांगायचे, आणि आत्ता त्यांनी इमारत, मजला, दाराचा आकडा सगळं न अडखळता लिहिलं. शेवटी थोडं थांबून आणखी दोन शब्द लिहिले. 'लिफ्ट आहे.'

निरोप गेला. दोघं करड्या गोलाकडे बघत बसली. बराच वेळ काहीच आलं नाही. काकूंनी मनातल्या मनात काकांना नाही नाही ते सुनावलं, मग स्वतःलाही. आणि मग फोन थरथरला.

'बाबा, पेन्सिल?'

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. 

"आहे तिथेच बांधलेली आहे म्हणून कळव तिला," ते म्हणाले.

पेन्सिल काकूंच्या हातातच होती. त्या दोरा शोधायला उठल्या.