पट्ट्याचा वळ

मी टपालाची पिशवी बोलतेय. जाड कॅनव्हासची, रुंद पट्ट्याची. सध्या टपालकचेरीच्या मागच्या खोलीत खुंटीला लटकतेय. दिवसभर कोणी ढुंकूनही पाहत नाही, म्हणून म्हटलं, तुमच्याशीच बोलावं.

सात वर्षं मी एकाच बाईंच्या गळ्यात होते. सगळे त्यांना ताई म्हणत. माझा पट्टा त्यांच्या छातीवरून तिरका जायचा. भरलेली असले की मी चांगलीच जड, त्यामुळे वळ उठायचाच. टपाल वाटणाऱ्यांना या वळाचं भारी कौतुक! डब्याच्या वेळी कॉलर सारून एकमेकांना दाखवतात आणि कोणाची नोकरी किती झाली यावर हुज्जत घालतात.

मी येण्याच्या वर्षभर आधी ताईंना डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि त्या ठणठणीत होऊन कामावर आल्या.

मागच्या वर्षी एकदा त्या टपाल निवडणाऱ्या काकांना म्हणाल्या, "या पिशवीनं छळ मांडलाय बघा. डाव्या बाजूला जांभळा वळ पडलाय."

"दुखतो का?"

"छे! मुळीच नाही."

"मग कसली काळजी? थोडे दिवस गाडी ढकला."

झालं. ताईंनी ढकलगाडी घेतली आणि मी खुंटीवर गेले. मला फार लागलं ते. पाच महिने मी एकटी फुगून बसले. डाग मात्र पसरतच होता, शेजारी आणखी दोन उठले.

काल ताई रजेचा अर्ज द्यायला आल्या.

"काका, तो वळ नव्हता हो. कातडीचा कॅन्सर निघाला. तेव्हाच्या रेडिएशनमुळे. फार क्वचित होतो म्हणे, तोही इतक्या वर्षांनी."

"अहो, पण रेडिएशननंच तर वाचलात ना!"

"हो ना. मग त्याला तरी काय बोलायचं? परवा ऑपरेशन आहे. उशीर झालाय, म्हणाले डॉक्टर. मी आपली पिशवीला बोल लावत बसले."

ताई माझ्यापाशी आल्या, पट्टा सरळ केला आणि निघून गेल्या.

तुमच्यापैकी कोणी अशी किरणं घेतली असतील, तर त्या जागेवरचा न दुखणारा डागसुद्धा लगेच डॉक्टरांना दाखवा. माझ्यासारखीवर ढकलून मोकळे होऊ नका.

माझ्यावरचा आळ गेला खरा. पण दोष माझाच निघायला हवा होता. मला इथं टांगून ताई बऱ्या तरी झाल्या असत्या.