शिवणकाकूंच्या नडगीतली पट्टी

मित्रांनो, बटणांच्या डब्यात तळाशी जी भोकाभोकांची चकचकीत पट्टी दिसते ना, ती मी. जुनी आहे, स्टेनलेस स्टीलची आहे आणि खरे सांगायचे तर स्वभावाने जळकी आहे.

माझ्यात लोखंडाबरोबर क्रोमियम आणि निकेल आहे. क्रोमियममुळे माझ्या अंगावर न दिसणारी पातळ साय धरते, म्हणून रक्तामांसात राहूनही मी सहसा गंजत नाही. शिवणकाकू जिन्यावरून पडल्या, नडगीचे हाड मोडले, तेव्हा डॉक्टरांनी मला स्क्रूंनी त्या हाडावर घट्ट बसवले. काकूंचे पायमशीन त्याच पायावर चालायचे, आणि घरही. काय माझा तोरा होता!

तो धाकट्या जाऊबाईंनी उतरवला. त्यांच्या मनगटात टायटॅनियमची पट्टी होती.

"माझी पट्टी बाई इतकी हलकी, आहे की नाही तेसुद्धा कळत नाही. डॉक्टर म्हणाले, राहू दे जन्मभर!" असे त्या येता-जाता ऐकवत.

माझ्या अंगाचा तिळपापड होई. माझ्याच मापाची असती तरी वजनाने जवळजवळ निम्मी, आणि कौतुक तिचे! मग मीही हट्टाला पेटले. काकूंनी पाऊल टाकले की होईल तितका भार मीच उचलू लागले. हाडाला म्हटले, तू बस गप्प. बघू या, कोण जन्मभर राहते ते!

दीड वर्षाने डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"हाड छान जुळलंय काकू, पण पट्टीखाली विरळ व्हायला लागलंय. स्टील फार ताठ. भार तेच उचलतं, मग हाड आळसावतं. टायटॅनियम जरा लवतं, हाडालाही काम देतं."

"मग माझं मशीन?" काकूंनी विचारले.

"पट्टी काढून टाकू. स्क्रूची भोकं भरेपर्यंत काठी घ्या, मग खुशाल चालवा."

ज्या ताठपणाची मला ऐट, तोच माझ्या काकूंचे हाड खात होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पुढे मला काढले, आणि काकूंनी मला या बटणांच्या डब्यात ठेवले.

परवा जाऊबाई पुन्हा आल्या. "तुमची पट्टी काही टिकली नाही हो शेवटी," म्हणाल्या.

काकूंनी मशीन थांबवलेसुद्धा नाही. "हाड टिकलं ना!"

मित्रांनो, आपल्या माणसाला आधार जरूर द्या, पण त्याच्या वाटचे ओझे त्याला उचलू द्या. माझा मत्सर म्हणाल, तर तो काही गेलेला नाही. फक्त आता टायटॅनियमचा वाटत नाही. त्या हाडाचा वाटतो. ते अजून काकूंच्या पायात आहे.