पाण्यातच बांधायचा डबा

मित्रांनो, मी एक जुना, पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा आहे. रंगाने एकेकाळी पिवळा होतो. आता कसला आहे ते तुम्हीच ठरवा. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या नशिबी यंत्राचे तेल आले. तेल संपले, मला घासूनपुसून कोणीतरी तलावावर आणले आणि माझे भाग्य उजळले. मला मुलांची पाठ मिळाली.

तलावावर एक म्हातारे होत आलेले नावाडी मुलांना पोहायला शिकवत. मुले त्यांना बेडूककाका म्हणत. प्रत्येक मुलाचा डबा ठरलेला असे. झाकण घट्ट लावून, कडीतून दोरी ओवून काका तो पाठीवर बांधत. त्यांचा एकच नियम होता: डबा पाण्यातच बांधायचा आणि पाण्यातच सोडायचा. का, असे विचारले तर म्हणत, "नियम आहे. नियमाला कसलं का?"

गुपित आम्हा डब्यांनाच ठाऊक होते. मुले येण्यापूर्वी काका रोज आमच्यात एक पेला पाणी ओतत. जसजसा मी भरत जाई, तसतसा माझा आधार कमी होई आणि मुलाचे हातपाय नकळत ते काम उचलत. मी गळ्यापर्यंत भरलो की मूल तलाव पार करी. मग पलीकडच्या पायरीवर काका झाकण उघडून सगळे पाणी त्याच्यासमोर ओतत. "बघ, हा तर भरलेला होता! मग तुला तरंगवलं कोणी?" त्या वेळचा मुलाचा चेहरा पाहण्यासाठीच मी जगत होतो. दुसऱ्या दिवशी ते मूल माझ्याकडे ढुंकूनही पाहत नसे. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू? पण नकोसे होणे हेच तर माझे काम होते.

एका उन्हाळ्यात मला मुंगी नावाची पोर मिळाली. आठ वर्षांची, काडीसारखी, पाणी पाहिले की पाचावर धारण बसणारी. तिची आई काठावरून बजावी, "पोहता आल्याशिवाय खोल पाण्यात जायचं नाही हं!"

"मग काय चटईवर शिकवू तिला?" काका म्हणत.

पहिले चार दिवस मुंगीने दोन्ही हातांनी माझी दोरीच धरून ठेवली. हात मारणार कशाने? पाचव्या दिवशी एक हात सुटला, मग दुसरा. तिला सपाटून भूक लागू लागली, अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागू लागली. वर्गात तोंड न उघडणारी ही पोर तलावाच्या मध्यावरून "आई, मी इथे!" अशी आरोळी ठोकू लागली.

आणि ज्या दिवशी ती पलीकडच्या पायरीला टेकली, त्याच दिवशी तिच्या बाबांच्या बदलीचा ट्रक भरून उभा होता. काकांनी मला तिच्या पाठीवरून पाण्यातच सोडले, पण झाकण उघडण्याआधीच आईने तिला टॉवेलात गुंडाळून नेले. ट्रकमधून ती ओरडली, "काका, डब्याने मला पार नेलं!"

काका काय ओरडले ते ट्रकच्या आवाजात तिला ऐकूच गेले नाही.

त्यांनी मला तसाच भरलेला फळीवर ठेवला. "हा मुंगीचा. ती येईल तेव्हाच ओतायचा."

वर्षे गेली. इतर डबे पाठीवर बसून पाण्यात जात आणि मी फळीवरून मुलांचा दंगा ऐकत राही. मला पाठीची आस होती, पण त्याहून मोठा घोर होता तो मुंगीचा. माझ्यामुळे ती जन्मभर काठावरच उभी राहिली तर?

आणि गेल्या आठवड्यात ती आली. केसांत एक-दोन पांढरे, बोटाला धरलेली मुलगी. काका आता वाकले आहेत, पण त्यांनी तिला लगेच ओळखले.

"काका, हिला शिकवा. मला काही येत नाही. पाण्याजवळ गेले की जीव घाबरतो. तेव्हा डबा होता म्हणून निभावलं."

"तो वरचा डबा काढ बरं."

रिकामा समजून तिने एका हाताने मला ओढले आणि मी पडता पडता वाचलो.

"अगंबाई! यात काय भरलंय?"

"उघड."

इतक्या वर्षांचे पाणी तिच्या पायांवर सांडले. काकांना प्रश्न विचारावाच लागला नाही. ती पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. मग चपला काढून पायऱ्या उतरू लागली.

"आई, तुला पोहता येत नाही ना?" मुलगी घाबरून म्हणाली.

"येतं गं," मुंगी म्हणाली. "केव्हाचं येतंय."

मित्रांनो, जाणत्या माणसाचा हात धरून पोहायला नक्की शिका. आणि तुमच्या घरातले कोणी काठावरच थांबले असेल, तर त्यांनाही बोलवा.

मी आता मुंगीच्या मुलीच्या पाठीवर असतो. काकांनी कालपासून पेला ओतायला सुरुवात केली आहे. तिला मात्र सांगू नका.