बहाव्याचं पाणी

मास्तरांनी दुसरी बादली बहाव्याच्या आळ्यात रिकामी केली आणि खोडावरून हात फिरवला. खिडकीत उभ्या मास्तरीणबाईंनी नाक मुरडलं.

"न्हाऊ घातलंत, आता पावडर लावा त्याला."

"यंदा फुलेल बघ," मास्तर म्हणाले.

हे 'यंदा' बाई वर्षानुवर्षं ऐकत होत्या. झाड मात्र रोजचं पाणी आणि महिन्याचं खत खाऊन हिरवंगार, ढिम्म. मास्तरांनी जन्मभर वर्गातली ढ पोरं डोक्यावर घेतली, निवृत्तीनंतर हे ढ झाड मिळालं. बाईंना झाडाची कीव नव्हती, नवऱ्याची तर मुळीच नव्हती.

एकदा त्याच पाण्याने झालेल्या चिखलात मास्तर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. निघताना गाडीतून डोकं काढून त्यांनी बायकोला 'एकटी राहशील ना' एवढंही विचारलं नाही.

"पाणी तेवढं चुकवू नकोस," म्हणाले.

बाईंनी मान डोलावली, फाटक लावलं आणि थेंबभर पाणी घातलं नाही. मरू दे मेलं! ऊन तापलं, आळं तडकलं, पानं गळून झाडाचा खराटा झाला. बाई चहा पीत त्याच्याकडे समाधानाने बघत. मास्तर आल्यावर काय म्हणायचं, तेही ठरलं होतं: तुमच्या लाडांनी मेलं.

मग एका सकाळी उघड्या फांद्यांवरून कळ्यांचे घोस लोंबताना दिसले. बघता बघता झाड असं पिवळंधमक झालं की येणारेजाणारे थांबू लागले. बाईंना हसू आवरेना. म्हणजे इतकी वर्षं हा शहाणा बादल्या ओतून ओतून स्वतःच फुलं बुडवत होता! कधी एकदा येतो आणि कधी हे तोंडावर फेकते, असं त्यांना झालं.

मास्तर आले ते काठी टेकत फाटकातच थबकले. वर बघत राहिले. चष्मा काढून त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"मला वाटलं होतं, तू टाळशील," ते म्हणाले. "रोज घातलंस ना पाणी? तुझ्या हाताला गुण आहे गं."

वाक्य बाईंच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं. तेवढ्यात मास्तर काठी सावरत नळाखालची बादली ओढू लागले. बाईंनी ती हिसकावून घेतली.

"पुन्हा खाटेवर पडायचंय? यापुढे याला पाणी मीच घालणार."

"रोज?"

"रोज," बाई म्हणाल्या. "तुम्ही आत बसायचं. मध्ये लुडबुडायचं नाही."