मला त्या दोरीचा हेवा वाटतो

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे आणि मला एका दोरीचा हेवा वाटतो. अगदी साधी सुती दोरी, बोटाएवढी जाड, टोकाला पितळेची एक घंटी. माझ्या वयाचा मान राखून मी हे लपवायला हवे होते. पण पोटात दुखत असताना वरून हसणे मला कधी जमले नाही. म्हणून ते आधीच सांगून टाकतो आणि मग माझी हकिकत ऐकवतो.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये झाला. पत्रा कापून, ठोकून, गोल वळवून माझे तोंड घडवले. तोंड एवढे मोठे की माझ्याकडे पाहणाऱ्याला दुसरे काही दिसूच नये. आत लोहचुंबक आणि एक पातळ पडदा बसवला, वरून करड्या रंगाचे दोन हात दिले. मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्यातून पहिल्यांदा "हॅलो, हॅलो" म्हटले, तेव्हा समोरच्या तीन दुकानांतली माणसे बाहेर आली. "आवाज खणखणीत आहे," तो म्हणाला. त्या एका कौतुकावर मी पुढची चौदा वर्षे काढली.

मला विकत घेतले ते लहान मुलांच्या सायकली बनवणाऱ्या एका कारखान्याने. लांबलचक शेड, उंच छप्पर आणि डोक्यावरून हळूहळू फिरणारी एक साखळी. साखळीच्या आकड्यांना सायकली लटकलेल्या असत आणि एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे सरकत जात. टेबले बारा होती. सुरुवातीला हँडल आणि चाके, मग ब्रेक, मग चेन आणि शेवटी तपासणी. ब्रेकचे काम सहा, सात आणि आठ अशा तीन टेबलांवर चाले, एक सायकल त्यांपैकी एकाच टेबलावर. काम झाले की प्रत्येक टेबल सायकलच्या दांडीखाली आपल्या नंबरची एक छोटी चिठ्ठी चिकटवत असे. काही बिघडले तर ते कोणाच्या हातचे हे लगेच कळावे, एवढ्यासाठी. मला छपराच्या तुळईवर बसवले आणि माझी तार वरच्या काचेच्या केबिनमध्ये, साहेबांच्या माइकपर्यंत नेली.

माझे काम एकच होते. तपासणीत सायकल नापास झाली की साहेब चिठ्ठीवरचा नंबर पाहत, माइक उचलत आणि मी गरजत असे, "टेबल पाच! स्पोक ढिले! टेबल पाच, वर या!"

काय दरारा होता माझा! मी नुसता खरखरलो तरी बारा टेबलांवरचे हात थांबत. "टेबल" एवढे ऐकले की सगळे जिवाचे कान करून पुढच्या आकड्याची वाट पाहत. आकडा आपला नाही हे कळले की अकरा टेबले सुटकेचा श्वास टाकत. उरलेल्या एकाकडे मग कोणी पाहत नसे. तो एकटा जिना चढून जाई आणि त्या दुपारी त्याचा डबा तसाच घरी परत जाई. कामगार मला सासरेबुवा म्हणत. दहाव्या टेबलावरचे चेनवाले काका तर माझ्याखालून जाताना डोक्यावर खोटा पदर ओढून घेत आणि आजूबाजूच्या सगळ्यांना हसवत. मी मात्र तो माझा मानच समजत होतो.

सातव्या टेबलावर मावशी होत्या. सगळा कारखाना त्यांना मावशी म्हणे. माझ्याही आधीपासून त्या ब्रेक बसवत होत्या आणि त्यांचा नंबर मी वर्षातून एकदासुद्धा पुकारत नसे. खरे सांगतो, मला त्यांचा थोडा रागच येई. ज्यांना घाबरवायची संधीच मिळत नाही अशी माणसे माझ्यासारख्याला आवडत नाहीत.

मावशींच्या पुढ्यात दोन खणांचा एक ट्रे असे. एका खणात पुढच्या ब्रेकचे नट, दुसऱ्यात मागच्या ब्रेकचे. दिसायला दोन्ही जुळी भावंडे, पण मागचा नट केसभर मोठा. चुकून तो पुढे बसला तरी बसल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात सैल होतो. पुढे कधीतरी त्या दोन खणांमधला पत्रा तुटला. नवा ट्रे काही आला नाही. मावशींनी मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा उभा केला आणि काम चालू ठेवले.

एके दिवशी त्यांच्या समोर एक शेंदरी सायकल होती. पुढचा नट आवळताना पाना जरा मऊ फिरला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. नट काढून पाहायचा तर साखळी थांबवावी लागणार, आणि साखळी थांबली की मी ओरडणारच, "टेबल सात, काय चाललंय?" मावशींनी एकदा वर माझ्याकडे पाहिले. मग नट पुन्हा जोर लावून आवळला, डावीउजवीकडे नजर टाकली आणि दांडीखालची आपली चिठ्ठी हळूच सोलून घेतली. सायकल पुढे सरकून गेली.

असे करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. वर बसलेला असल्यामुळे मला सगळे दिसत होते. ज्याला आपल्या कामाची शंका येई, तो चिठ्ठी सोलून खिशात टाकत असे. नंबरच नसेल तर पुकारणार कोणाला? पूर्वी दिवसातून सहा वेळा होणारे माझे ओरडणे आता दोनदाच होऊ लागले. साहेब खूश झाले. "बघा, शिस्त लागली की नाही!" ते पाहुण्यांना सांगत, आणि इकडे माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

मग ती शेंदरी सायकल परत आली. उतारावर तिचा पुढचा ब्रेक निसटला होता आणि आठ वर्षांच्या एका मुलीचा हात मोडला होता. साहेबांनी सायकल उलटी करून पाहिली. दांडीखाली बाकीच्या चिठ्ठ्या होत्या, पण ब्रेकच्या टेबलाची नव्हती, तिच्या जागी फक्त डिंकाचा वाळलेला चौकोन होता. त्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओरडलो. "कोणाच्या हातची आहे ही? कोण आहे तो? पुढे या!" बारा टेबलांवर माना खाली गेल्या. मावशी नट आवळत राहिल्या, त्याही पुढे आल्या नाहीत. ट्रेमधला पुठ्ठा जागच्या जागी राहिला, आणि त्याच्याबद्दल कोणी कोणाला काही विचारलेही नाही.

दोन महिन्यांनी नव्या सुपरवायझर बाई आल्या. सगळे त्यांना ताई म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाराही टेबलांवरून ती दोरी ताणून नेली आणि टोकाला घंटी बांधली.

"शंका आली की ओढायची," त्या म्हणाल्या. "साखळी थांबेल. आपण सगळे येऊन बघू काय झालंय ते. कोणी केलं, हे कोणी विचारायचं नाही."

"ताई, आणि सासरेबुवा?" चेनवाल्या काकांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"त्यांना जरा आराम करू द्या."

मित्रांनो, माझा तिळपापड झाला. आराम? मला? ज्या दोरीला ना पडदा, ना लोहचुंबक, ना आवाज, तिच्यासाठी? साहेबांनाही ते पटले नव्हते. महिनाभर बघू, नाहीतर दोरी खाली उतरवू, असे त्यांनी ताईंना बजावले होते. मी दिवस मोजायला लागलो. एकोणीस दिवस त्या दोरीला कोणी हातही लावला नाही. लावणार कसा? चौदा वर्षे मी त्यांना शिकवले होते. वाऱ्याने ती जराशी हलली तरी मी मनातल्या मनात हसत होतो.

विसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मावशी टेबलाशी आल्या आणि ट्रेकडे पाहून थबकल्या. मागच्या ब्रेकचे नट संपले होते. पुढचे मात्र पाच-सहा उरले होते. दोन्ही सारखेच मोजून भरलेले, मग असे होईलच कसे? पुठ्ठा सरकला होता आणि सकाळपासून काही पुढच्या ब्रेकना मागचे नट लागले होते. सकाळच्या चाळीस सायकली दारातल्या ट्रकमध्ये चढवून झाल्या होत्या. ट्रकचे इंजिन सुरू होते.

त्या चाळिसांमध्ये मावशींच्या सायकली कोणत्या हे चिठ्ठ्यांवरून कळले असते. मावशी दाराच्या दिशेने दोन पावले गेल्या. त्या चिठ्ठ्या सोलायला निघाल्या आहेत हे मला कळले, आणि मला बरे वाटले. होय, खोटे कशाला बोलू? दोरीपेक्षा अजून माझीच भीती मोठी आहे, म्हणून बरे वाटले.

मग त्या थांबल्या. मागे वळल्या. त्यांनी दोरी धरली आणि ओढली.

टिण्.

एवढाच आवाज. माझ्या एका खाकरण्यापुढे तो काहीच नव्हता. पण साखळी थांबली, आणि बाराही टेबलांवरची माणसे धावत सुटली. मित्रांनो, सातव्या टेबलाकडे धावत सुटली! माझ्या आवाजाने माणसे कायम एकमेकांपासून लांब सरकली होती. इतक्या वर्षांत माझ्या हाकेला कोणी कोणाजवळ धावत गेलेले मी पाहिले नव्हते. त्या क्षणी मला त्या दोरीचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आयुष्यात कशाचाच वाटला नाही.

"काय झालं मावशी?" ताईंनी विचारले.

"नट मिसळलेत. पुढं मागचे लागलेत, सकाळपासून. आधी ट्रक थांबवा."

चेनवाले काका ओरडत दाराकडे पळाले. तेवढ्यात वरच्या केबिनमध्ये साहेबांनी सवयीने माइक उचलला. माझा पडदा ताठ झाला. "टेबल..." मी गरजलो. मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. तो आला नाही. साहेब काचेतून खाली पाहत उभे होते आणि खालून एकही मान माझ्याकडे वर झाली नव्हती. त्यांनी माइक ठेवला आणि ते जिना उतरून खाली आले.

त्यांना पाहताच मावशींच्या डोळ्यांत पाणी आले. "साहेब, त्या शेंदरी सायकलची चिठ्ठी मीच काढली होती. मला कामावरून काढायचं तर काढा. पण ह्या चाळीस तशाच जाऊ देऊ नका."

ताईंनी ट्रे उचलून पाहिला. "हा मधला पत्रा कधी तुटला?"

"झाले की बरेच महिने. नवा मागितला होता मी."

"कोणा..." ताई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा शब्द गिळला. कोणाकडे मागितला होता, हे त्यांना विचारायचे होते.

"माझ्याकडे," साहेब म्हणाले. "मी म्हटलं होतं, चालवून घ्या." ताईंच्या हातातल्या ट्रेमधला पुठ्ठा त्यांनी उचलला. "त्या पोरीचा हात मावशींच्या चिठ्ठीमुळे नाही मोडला. तो माझ्या चालवून घ्या म्हणण्यामुळे मोडला."

मित्रांनो, चौदा वर्षे या माणसाचा प्रत्येक मोठा शब्द माझ्या तोंडून गेला. आणि त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले वाक्य ते माझ्याशिवाय बोलले, हळू आवाजात, दोरीखाली उभे राहून. माझा किती जळफळाट झाला हे मी कोणाला सांगू?

चाळीसच्या चाळीस सायकली खाली उतरवल्या. तीन सायकलींच्या पुढच्या ब्रेकला मागचा नट निघाला. कुठल्या तरी तीन घरांतली तीन मुले त्यांवर बसणार होती. मावशींना कोणी वर बोलावले नाही. उलट साहेबांनीच त्यांना खुर्ची आणून दिली. दोनच दिवसांत लाल आणि निळ्या खणांचे नवे ट्रे आले, आणि मागच्या ब्रेकच्या नटाला निळा रंग देऊन घ्यायचा हे मावशींनीच सुचवले. त्या शुक्रवारी मावशी, साहेब आणि ताई तिघे ती शेंदरी सायकल घेऊन हात मोडलेल्या त्या मुलीच्या घरी गेले. मावशींनी तिची सायकल तिच्यासमोर बसून दुरुस्त केली आणि झालेले सगळे तिच्या आईवडिलांना सांगितले. वडील खूप रागावले, असे मावशी दुसऱ्या दिवशी चेनवाल्या काकांना सांगत होत्या. "रागावणारच की," त्या म्हणाल्या. "पण सांगून आल्यावर मला किती दिवसांनी झोप लागली."

आता दोरी दिवसातून पाच-सहा वेळा ओढली जाते. एवढ्या चुका पाहून आधी साहेब घाबरले. "पूर्वीही एवढ्याच होत्या, साहेब," ताई म्हणाल्या. "आता आपल्याला कळतात, एवढंच." हातांच्या तेलाने दोरी काळी पडली आहे. तरी सगळ्यांचे हात तिलाच लागतात. माझ्या तोंडात धूळ साचली आहे, आणि ती पुसायला शिडी लावावी असे कोणाला वाटत नाही. मला अजूनही तिचा हेवा वाटतो. तो जाईल असे मला वाटत नाही.

पण मित्रांनो, तुम्हाला माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणीतरी आत्ता, या क्षणी, काहीतरी लपवून ठेवले असेल. फुटलेले, हरवलेले किंवा चुकलेले काहीतरी. ते आज कोणाला तरी सांगा. आणि कधी कोणी तुम्हाला असे सांगायला आले, तर त्याचे नाव मोठ्याने पुकारू नका. आधी उठून त्याच्याजवळ जा. मला ते कधीच करता आले नाही, कारण मला पाय नव्हते, नुसते तोंड होते. तुम्हाला तर दोन्ही आहेत.